अंबाजोगाईच्या ‘मेडिकल’ला प्रवेश कुणाला? ७०:३० गेल्यावर बदललेलं गणित

कपिलधार म्हटलं की मन्मथस्वामींची समाधी, पावसाळ्यातला धबधबा आणि कार्तिक पौर्णिमेची यात्रा आठवते. इथल्या डोंगरातल्या एखाद्या मुलीला डॉक्टर व्हायचं असेल, तर बीड जिल्ह्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय एकच आहे : अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ. १९७४ चं, खास ग्रामीण भागासाठी काढलेलं. पण जिल्ह्यातली म्हणून तिला इथे वेगळी जागा आहे का? नाही. २०२० पर्यंत निदान विभागाची होती.

काय होतं ७०:३०?

राज्य कोट्यातल्या ७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना, ३० टक्के सगळ्या राज्याला. मराठवाडा, विदर्भ आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन विभाग. विभाग ठरायचा बारावी कुठे केली त्यावरून, गावावरून नव्हे. म्हणजे बीडचा मुलगा बारावीला लातूरला गेला तर मराठवाड्याचाच राहायचा. पुण्याला गेला की ‘उर्वरित महाराष्ट्रा’त मोजला जायचा.

मग मराठवाड्यानेच ते का नको म्हटलं?

वरवर पाहता हे संरक्षण होतं, प्रत्यक्षात झालं कुंपण. तेव्हा मराठवाड्यात सरकारी महाविद्यालयं चारच : औरंगाबाद, अंबाजोगाई, नांदेड, लातूर. इकडे ‘लातूर पॅटर्न’मुळे जास्त गुणांची मुलं भरपूर. जागा थोड्या, स्पर्धा दाट. त्यामुळे इथला कटऑफ चढायचा आणि तेवढ्याच गुणांवर दुसऱ्या विभागातल्या मुलाला प्रवेश मिळायचा. मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांत मराठवाड्याच्या मुलांना वाट होती ती फक्त ३० टक्क्यांतून. सप्टेंबर २०२० मध्ये तत्कालीन वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख यांनी ही पद्धत रद्द केल्याचं विधिमंडळात जाहीर केलं. ते स्वतः लातूरचे, हा योगायोग तेव्हा अनेकांनी बोलून दाखवला.

आता १५० जागा कशा वाटल्या जातात?

१५ टक्के, म्हणजे २२-२३ जागा अखिल भारतीय कोट्यात जातात. उरतात सुमारे १२७. त्यांत अनुसूचित जाती १३, जमाती ७, ओबीसी १९, विमुक्त-भटक्यांचे चार गट मिळून ११ टक्के. शिवाय ईडब्ल्यूएस १० आणि २०२४ च्या कायद्याने आलेलं एसईबीसी १० टक्के. राहिल्या ३० टक्के, म्हणजे जेमतेम ३८ जागा खुल्या. त्यावरही गुणवत्तेनुसार कोणत्याही प्रवर्गातला विद्यार्थी येऊ शकतो. बीडमध्ये वंजारी समाज मोठा, पण त्यांच्या भटक्या जमाती-ड गटाला २ टक्के. या महाविद्यालयात त्या दोन-तीनच जागा होतात. मुलींसाठी प्रत्येक प्रवर्गात ३० टक्के राखीव.

फायदा कुणाचा?

‘नीट’मध्ये वर असलेल्याचा, हे उघड आहे. बीडची हुशार मुलगी आता मुंबईच्या ग्रँट मेडिकलमध्ये बरोबरीने दावा करते. तिकडचा मुलगाही तसाच अंबाजोगाईत येतो. अडचण मधल्या मुलांची. ज्यांच्या घरी लातूरची दोन वर्षांची शिकवणी आणि खोलीभाडं झेपतं, ते राज्याच्या यादीत टिकतात. गावातच बारावी करणाऱ्याला पूर्वी विभागाचा जो थोडा आधार होता, तो उरला नाही.

दिलासा नव्या जागांचा आहे. धाराशिव, परभणी आणि २०२४ मध्ये जालना, हिंगोली इथे महाविद्यालयं सुरू झाल्याने मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांत आता सरकारी मेडिकल आहे. मात्र या वाढलेल्या जागांवरही राज्यभरातून दावा होणार. निवडयादीत क्रमांक आणि प्रवर्ग दिसतो. दहावी-बारावी कोणत्या तालुक्यात झाली, याचा तक्ताही प्रत्येक महाविद्यालयाने दरवर्षी लावला, तर ग्रामीण म्हणून काढलेल्या महाविद्यालयात ग्रामीण मुलं किती, हे पालकांना कळेल.