मीटरचा काटा पडला, तर आधी पट्टा पाहा

जून-जुलैची मासेमारीबंदी संपत आली की उत्तन, पाली, चौकच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या बोटींची इंजिने चालू करून पाहिली जातात. त्या दिवसांत एक तक्रार हमखास कानी येते : "इंजिन झकास चालतंय, पण आरपीएमचा काटा शून्यावर पडलाय." मग बाजारातून नवा मीटर येतो. पुष्कळदा तोही शून्यच दाखवतो.

आदिवासी पाड्यांच्या बातम्या वाचणाऱ्या आपल्या हितचिंतकांना वाटेल, हा विषय या अंकात कशाला? कारण डहाणू-तलासरीकडची कितीतरी मुले हंगामात खलाशी म्हणून बोटींवर जातात, काही आपल्या किनाऱ्यावर, बरीचशी गुजरातच्या बंदरांवर. त्यांना जाळे ओढणे, मासळी निवडणे, बर्फ भरणे शिकवले जाते. इंजिनाजवळ कोणी फिरकू देत नाही. पण रात्री भर समुद्रात बॅटरी बसली, तर अंधारात तीही असतात. दिवा नाही, वायरलेस नाही, बोट कुठे आहे हे सांगणारा जीपीएस नाही. सीमा ओलांडल्याच्या आरोपावरून पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षे काढलेल्यांत याच पाड्यांवरची माणसे होती, हे आपण विसरलेलो नाही. आणि आपल्या धर्मग्रामातले किती वाचक स्वतः नाखवा आहेत, हे वेगळे सांगायला नको.

आता मूळ गोष्ट. बोटींवरचे साधे डिझेल इंजिन एकदा चालू झाले की त्याला चालत राहायला विजेची गरज नसते. त्यामुळे वीज बनणे बंद झाले तरी आवाजात काही फरक पडत नाही. दिवे, वायरलेस, पाणी उपसायचा पंप हे सगळे बॅटरीवर चालत राहते आणि बॅटरी हळूहळू रिकामी होते. बॅटरी भरण्याचे काम अल्टरनेटर करतो. आपल्याकडचे जुने लोक त्याला अजून डायनमोच म्हणतात.

आरपीएम मीटर इंजिनाचे फेरे थेट मोजतो, असा समज आहे. बहुतेक बोटींवर तसे नसते. अल्टरनेटरच्या मागे 'डब्ल्यू' अक्षराचा एक छोटा स्क्रू असतो, त्यावरून एक बारीक वायर मीटरला जाते. अल्टरनेटर फिरताना त्या वायरीत विजेचे ठोके पडतात आणि मीटर ते ठोके मोजतो. इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, म्हणजे सेकंदाला २५. इंजिनाची पुली अल्टरनेटरच्या पुलीच्या दुप्पट असेल तर अल्टरनेटर सेकंदाला ५० फेरे घेतो. त्यात चुंबकाच्या ६ जोड्या असतील तर सेकंदाला ३०० ठोके पडतात. म्हणून काटा पडला की तो बहुधा इंजिनाची नव्हे, अल्टरनेटरची खबर देत असतो. त्याला गप्प करण्याऐवजी ऐकून घ्यावे.

तपासणीची सुरुवात इंजिन बंद ठेवून करा. पट्टा तुटला आहे का, सैल आहे का, अंगठ्याने दाबून पाहा. अर्ध्या इंचाहून बराच जास्त दबला तर ताणायला हवा. अल्टरनेटरखाली काळी भुकटी साचली असेल तर पट्टा घसरतो आहे. घसरणाऱ्या पट्ट्याने काटा खाली येतो किंवा थरथरतो, आणि बॅटरीही अर्धवटच भरते.

मग चावी फिरवा, पण इंजिन चालू करू नका. बॅटरीचा लाल दिवा पेटलाच पाहिजे. लोकांना हा दिवा नुसता इशाऱ्याचा वाटतो. प्रत्यक्षात पुष्कळ अल्टरनेटरांना जागे करणारा पहिला थोडासा करंट याच दिव्यातून 'डी प्लस'च्या टोकाला जातो. दिवा उडाला असेल किंवा ती वायर तुटली असेल, तर इंजिन चालू होऊनही अल्टरनेटर झोपलेलाच राहतो. जोरात रेस दिली की एकदम जागा होतो आणि काटाही उडी मारून वर येतो. ही खूण दिसली तर अल्टरनेटर खोलू नका. आधी दिवा बदला.

दिवा ठीक असेल तर इंजिन चालू करून मल्टिमीटर लावा. १२ व्होल्टची भरलेली बॅटरी, इंजिन बंद असताना, साधारण १२.६ दाखवते. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. २४ व्होल्टच्या बोटीवर हे आकडे दुप्पट धरा. अल्टरनेटरच्या जाड 'बी प्लस' टोकावर १४ आणि बॅटरीवर १२.४ दिसले, तर दोष मधल्या वायरीत किंवा लगमध्ये आहे. दोन्हीकडे १२.४ असतील आणि आकडा उतरतच असेल, तर अल्टरनेटर वीज बनवत नाही. कार्बन ब्रश झिजले असतील किंवा रेग्युलेटर गेला असेल, त्यासाठी तो कारागिराकडे न्यावा. दोन्हीकडे १४ आहेत आणि तरी काटा शून्यावर, तर अल्टरनेटर ठणठणीत आहे. तेव्हा 'डब्ल्यू'ची वायर, मीटरचे आर्थिंग आणि सर्वांत शेवटी मीटर.

मल्टिमीटर एसीवर ठेवून 'डब्ल्यू' आणि इंजिनाच्या बॉडीमध्ये मोजले की १२ व्होल्टच्या बोटीवर सात-आठ व्होल्टच्या आसपास दिसतात. इथे आहेत आणि मीटरच्या मागे नाहीत, तर वाटेत वायर तुटली आहे. दोन्हीकडे आहेत, तर मीटरच्या आर्थिंगपासून थेट बॅटरीच्या मायनसला एक तात्पुरती वायर लावून पाहा. काटा उठला तर मीटर निर्दोष.

खाऱ्या हवेचा घाला नेमका इथेच पडतो. वरून वायर नवीकोरी दिसते, टोकाचे आवरण सोलले की तांबे हिरवे-काळे पडलेले. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या बोटीत तर असतेच. तेवढा भाग कापून, चकचकीत तांबे लागेपर्यंत मागे जाऊन नवा लग दाबावा आणि वर ग्रीस लावावे. नुसती चिकटपट्टी गुंडाळणे म्हणजे आत मीठ कोंडणे. कथिलाचा मुलामा दिलेली वायर मिळाली तर तीच घ्यावी, महाग पडली तरी.

एक गमतीचा पण महागात पडणारा प्रकार. अल्टरनेटर बदलताना पुली लहान आली तर तो जास्त वेगाने फिरतो, आणि मीटर खोटा जास्त आकडा दाखवू लागतो. तांडेल त्यावर विश्वासून इंजिन दबवून चालवतो, आणि बोट का रेंगाळते याचा शोध भलतीकडेच सुरू होतो. अशा वेळी मीटरच्या मागचा स्क्रू किंवा स्विच वापरून मेळ पुन्हा बसवून घ्यायचा असतो.

दोन सवयी मात्र ताबडतोब सोडायला हव्यात. अल्टरनेटर चार्ज करतो की नाही हे पाहायला चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढणे ही पहिली. व्होल्टेज एकदम उसळते आणि आतले डायोड क्षणात जळतात, कधी सोबत वायरलेसही जातो. दुसरी, गळ्यात पंचा किंवा अंगावर सैल सदरा असताना फिरत्या पट्ट्यापाशी वाकणे. वायर सोडायची तर इंजिन बंद करून आधी बॅटरीचे मायनस काढावे.

नाखव्यांनी बोटीवर एक जादा पट्टा, लाल दिव्याचा एक बल्ब, थोडे लग आणि एक साधा मल्टिमीटर ठेवावा. आणि पाड्यावरून आलेल्या पोराला जाळ्याबरोबर एवढे जरूर दाखवावे : लाल दिवा कुठला, काटा कुठला, चालू इंजिनावर दिवा पेटला किंवा काटा पडला तर रात्री कितीही वाजता तांडेलाला उठवायचे. अशा वेळी जास्तीचे दिवे बंद करून बॅटरी वायरलेससाठी राखावी. संकटाची हाक १६ नंबरच्या चॅनेलवर द्यायची असते. किनाऱ्याजवळ मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर आहे. तो पोराकडून पाठ करून घ्यावा.