बेपत्ता अल्पवयीन मुलींचा तपास (महाराष्ट्र)

बेपत्ता अल्पवयीन मुलींचा तपास म्हणजे अठरा वर्षांखालील मुलीचा ठावठिकाणा पालकांना कळेनासा झाल्यापासून ती सापडेपर्यंत चालणारी पोलीस व न्यायिक प्रक्रिया होय. मुलगी पूर्वी घर सोडून गेली असली, तरी या प्रक्रियेत सूट मिळत नाही.

पार्श्वभूमी

होरीलाल विरुद्ध दिल्ली पोलीस आयुक्त या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ नोव्हेंबर २००२ रोजी बेपत्ता मुलींच्या शोधासंबंधी मार्गदर्शक सूचना दिल्या. छायाचित्र आठवड्याच्या आत प्रसिद्ध करणे, वर्गशिक्षक, सहाध्यायी व शेजारी यांच्याकडे विचारपूस करणे, रुग्णालये व शवागारे तपासणे यांचा त्यांत समावेश होता. डिसेंबर २००६मध्ये नोएडाजवळील निठारी येथे बालकांचे अवशेष सापडले. मुले बेपत्ता झाल्याच्या तक्रारींकडे पोलिसांनी दुर्लक्ष केल्याचा आरोप तेथील पालकांनी केला होता.

कायदेशीर तरतुदी

बचपन बचाओ आंदोलन विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी बेपत्ता बालकाच्या प्रत्येक तक्रारीवर गुन्हा नोंदविणे बंधनकारक केले. तपासात अन्यथा सिद्ध होईपर्यंत अपहरण किंवा मानवी तस्करी झाली असे गृहीत धरले जाते. बालक कोणत्याही कारणाने बेपत्ता झाले असले, तरी ते सापडेपर्यंत ‘बेपत्ता’च मानले जाते.

अठरा वर्षांखालील मुलीला पालकांच्या ताब्यातून नेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७नुसार गुन्हा असून त्यात तिची संमती ग्राह्य धरली जात नाही. १ जुलै २०२४पूर्वी भारतीय दंड संहितेची कलमे ३६१ व ३६३ लागू होती. सज्ञान होण्याच्या उंबरठ्यावरील मुलीने समजून-उमजून स्वतःहून घर सोडले आणि आरोपीने तिला फूस लावली नसेल, तर त्याने तिला ‘नेले’ असे म्हणता येत नाही, असा निर्णय एस. वरदराजन विरुद्ध मद्रास राज्य (१९६४) या खटल्यात झाला. तथापि हा प्रश्न आरोपीच्या दोषाचा आहे. त्यामुळे मुलीचा शोध घेण्याचे कर्तव्य कमी होत नाही.

पूर्वी घर सोडलेल्या मुली

बाल न्याय अधिनियम, २०१५च्या कलम २(१४)नुसार घरातून पळून गेलेले बालक ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ ठरते. सापडल्यावर त्याला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. समिती सामाजिक तपासणी करविते. घरातील मारहाण किंवा बालविवाहाचा धोका उघड झाल्यास मुलीला घरी न पाठविता बालगृहात ठेवता येते. मुलगी पुन्हा बेपत्ता झाल्यास हीच जुनी नोंद तपासाचा पहिला दुवा ठरू शकते. ती का गेली होती, कोणाकडे गेली होती आणि कशी परतली, याची उत्तरे तेथे मिळण्याचा संभव असतो.

चंद्रपूर व गडचिरोली

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. या वनप्रदेशाच्या सीमा तेलंगणाला व छत्तीसगडला भिडतात. मराठीबरोबर गोंडी, माडिया, तेलुगू व छत्तीसगढी येथे बोलल्या जातात. त्यामुळे शोधपत्रक व चौकशी एकाच भाषेत पुरेशी ठरत नाही. दिल्ली–चेन्नई लोहमार्गावरील बल्लारशाह स्थानकातून बेपत्ता व्यक्ती थोड्याच वेळात राज्याबाहेर जाऊ शकते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३मुळे हद्दीचा विचार न करता कोणत्याही पोलीस ठाण्यात खबर देता येते. यालाच ‘झिरो एफआयआर’ म्हणतात.

न उलगडलेली प्रकरणे

चार महिन्यांत बालक न सापडल्यास तपास अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडे सोपविणे अपेक्षित आहे. गुन्हा खरा, परंतु उघडकीस न आलेला असल्यास महाराष्ट्रात ‘ए समरी’ अहवाल सादर होतो. नवा पुरावा मिळाल्यास तपास पुन्हा सुरू करता येतो.

मुंबईतील अंधेरी येथून २२ जानेवारी २०१३ रोजी सात वर्षांची एक मुलगी शाळेच्या वाटेवर बेपत्ता झाली. डी. एन. नगर पोलीस ठाण्याच्या २००८ ते २०१५ या काळातील १६६ बेपत्ता मुलींपैकी १६५ सापडल्या. न सापडलेली ती एकच होती. सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले यांनी निवृत्तीनंतरही तिचा शोध सुरू ठेवला. ऑगस्ट २०२२मध्ये ती घरापासून सुमारे ५०० मीटर अंतरावर सापडली. ही मुलगी घर सोडून गेलेली नव्हती. परंतु वर्षे लोटली म्हणून शोध निरर्थक ठरत नाही, हे या प्रकरणातून दिसून आले.

हे सुद्धा पहा

• चाइल्डलाइन १०९८
• ऑपरेशन मुस्कान
• बालविवाह प्रतिबंधक कायदा, २००६