जुन्या आऊटबोर्ड इंजिनात करंट नाही, तर आधी काय पाहावे?

१९५० च्या दशकातली जॉन्सन आणि एव्हिनरूड ही अमेरिकन बोट-इंजिने दोरी ओढूनही चालू होत नाहीत, तेव्हा मालक हटकून कार्ब्युरेटर खोलतो. नाहीतर इंजिन भंगाराच्या भावात देऊन टाकतो. आधी करंट पाहावा. पेट्रोलची टाकी व नळी दूर ठेवून प्लग काढावेत आणि रबरी पकडीने वायरचे टोक इंजिनाच्या अंगापासून पाव इंचावर धरून दोरी ओढावी. निळी, जोरदार ठिणगी उडाली तर दोष दुसरीकडे आहे.

ठिणगी नसेल तर फ्लायव्हील काढणे आले. ते पुलरनेच काढावे. हातोडी उचलणाऱ्या मिस्त्रीच्या हाती माल देऊच नये. खाली दोन सिलिंडरांसाठी पॉइंट, कंडेन्सर व कॉईल वेगवेगळे असतात. पडून राहिलेल्या इंजिनाचे पॉइंट बहुधा काळवंडतात आणि करंट अडतो. बारीक कानस फिरवून थिनरमध्ये भिजवलेला जाड कागद मधून ओढावा. कापड वापरू नये. सुताचा एक तंतू आत राहिला तरी मेहनत फुकट, हे निदान कापडवाल्याचे ऐकावे! पॉइंट पूर्ण उघडल्यावर फिलर गेजने ०.०२० इंच, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर गॅप ठेवावा.

कॉईलच्या वेष्टनाला तडे असतील तर ती बदलावीच. एकाच सिलिंडरला करंट नसेल तर दोन्हीकडचे कंडेन्सर आपसात बदलावेत. दोष दुसऱ्या सिलिंडरकडे गेला तर कंडेन्सर खराब. एवढे न तपासता सगळा संच नवा घ्यायला लावणाऱ्या दुकानदारापासून सावध राहावे. बसवताना फ्लायव्हीलचा नट पक्का आवळावा. सैल राहिल्यास आतली चावी तुटून टायमिंग बिघडते.