ताडपत्रीखालची डॉज विकताना

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात एकेकाळी डॉज, डिसोटो आणि प्लिमथ या अमेरिकन गाड्या जोडल्या जात. शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून १९५४ पर्यंत चालला. या गाड्या जोडणारे, रंगवणारे, दुरुस्त करणारे हात कामगारांचेच. तेव्हा वडिलांनी कधीकाळी स्वस्तात घेतलेली आणि पुढे बंद पडलेली एखादी डॉज एखाद्या मिस्तरीच्या घरामागे ताडपत्रीखाली अजून उभी असली, तर नवल नाही.

घरात पैशाची नड निघाली की प्रथम भंगारवाला आठवतो. तो वजनावर भाव करतो. जुन्या गाड्या मूळ रूपात आणणारा हौशी माणूस मात्र काय शिल्लक आहे ते पाहतो. पुढची जाळी, क्रोमचे बंपर, चाकांच्या वाट्या, मीटर, काचा. हे भाग आता दुकानात मिळत नाहीत. म्हणून माळ्यावरचा तुटका दिवासुद्धा फेकू नये.

गाडी चालू करून दाखवण्याची घाई तर मुळीच करू नये. वर्षानुवर्षे उभ्या इंजिनात पिस्टन जाम होतात, टाकीतल्या पेट्रोलचा डिंक होतो. जबरदस्तीने फिरवले तर चांगले इंजिनही कामातून जाते. प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडावे, काही दिवस थांबावे, मग हाताने फिरते का पाहावे. फिरले नाही तर ‘इंजिन जाम’ असे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे. सडलेल्या पत्र्यावर रंग फासणे आम्हाला पटत नाही. जाणकार आधी खाली वाकून पाहतो, आणि एक लबाडी सापडली की सगळ्याच गोष्टींवर संशय घेतो.

खरी अडचण कागदांची. आर. सी. बुक वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल तर वारसाने आधी फॉर्म ३१ भरून ते आपल्या नावावर करावे. विक्रीसाठी २९ आणि ३० लागतात. चेसिस आणि इंजिन नंबर बुकाशी ताडून पाहावेत. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपातल्या खासगी गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद होते आणि जुना नंबर राखता येतो. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन किंवा रॅलीपुरतीच; हेही गिऱ्हाइकाला माहीत असू द्यावे.

पैसे पूर्ण हाती आल्यावरच गाडी ट्रकवर चढवावी, आणि सुट्या भागांची यादी करून दोघांनी त्यावर सही करावी.