घर घेण्यापूर्वी कागद वाचा

फंडाची रक्कम, पत्नीचे दोन दागिने आणि उरलेले बँकेचे कर्ज, अशी जुळवाजुळव करून आपला माणूस घर घेतो. आम्ही बँकेच्या कर्ज विभागात काम करतो. काही वर्षांपूर्वी एक निवृत्त कामगार घरदुरुस्तीसाठी कर्ज मागण्यास आले. हाती शंभर रुपयांच्या स्टँपवर नोटरी केलेला कागद होता. घरपट्टी त्यांच्या नावे, ताबाही त्यांचाच. परंतु कायद्याने ते त्या घराचे मालक नव्हते. हे त्यांना सांगताना आमची मान खाली गेली. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम हे लक्षात घ्यावे की, ताबा म्हणजे मालकी नव्हे. घरपट्टीची पावती व विजेचे बिल यांनीही मालकी सिद्ध होत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच होते. साठेखत हा केवळ पुढे विक्री करण्याचा करार होय. मुखत्यारपत्राच्या आधारे केलेल्या विक्रीने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे.

मग काय पाहावे? गावाकडील जमिनीचा सातबारा व त्यावरील फेरफार, शहरातील जागेचे मालमत्ता पत्रक पाहावे. 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा बोजा, कूळ किंवा वारसाची नोंद आहे का, हे तपासावे. मात्र सातबाऱ्यावर नाव आहे, एवढ्यावर विसंबू नये. ही नोंद महसुलासाठी असते. मालकी येते ती खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणी, वारसा किंवा न्यायालयाचा निवाडा यांतून. म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयात सूची क्रमांक दोन पाहून मागील तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यावा. विक्रेत्याकडे मालकी कोणाकडून आली आणि त्याच्याकडे कोणाकडून, ही साखळी कोठे तुटता कामा नये. बहिणींची किंवा एखाद्या भावाची सही राहून गेली, तर पुढे दावा उभा राहतो.

आणखी एक बाब आपल्या समाजाच्या जिव्हाळ्याची आहे. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने नाहीशी झाली. महार वतनाच्या जमिनी ठरावीक रक्कम भरून घेऊन वतनदारांना पुन्हा देण्यात आल्या, पण नव्या शर्तीने. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असा शेरा असेल, तर ती जमीन शर्तीची समजावी. वतनाची अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. शहरालगत अशा जमिनीचे तुकडे पाडून स्वस्तात विकणारे भेटतात. त्यात वतनदाराची जमीन जाते आणि घेणाराचा पैसाही बुडतो. बहुधा दोघेही आपलेच असतात.

सदनिका घेताना प्रकल्पाची महारेरा नोंदणी, मंजूर नकाशा व भोगवटा प्रमाणपत्र पाहावे. जुनी सदनिका असल्यास संस्थेचे भागपत्र आणि आधीची सर्व नोंदणीकृत करारपत्रे मागावीत. इमारतीखालील जमीन अभिहस्तांतरणाने संस्थेच्या नावे झाली आहे का, हेही विचारावे.

विद्यार्थी मित्रांना एक विनंती. सातबारा आता संगणकावर पाहता येतो. सुट्टीत आपल्या घरचा उतारा काढा, आई-वडिलांसमोर बसून तो मोठ्याने वाचा. वकिलाची फी जड वाटते खरी, पण विसार देण्यापूर्वी केलेला तो खर्च कोर्टाच्या खेपांपेक्षा स्वस्तच पडतो. आधी कागद, मग पैसा, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ घरे वाचतील.