‘इन’, ‘ऑन’, ‘ॲट’ची त्रिस्थळी यात्रा

इंग्रजीतले लांबलचक शब्द आपल्या मुलांना फारसे नडत नाहीत. नडतात ते दोन-तीन अक्षरांचे चिमुकले शब्द. ‘आय हॅव वर्क्ट हिअर सिन्स टू इयर्स’ असे मुलाखतीत तोंडून निघून जाते, समोरचे साहेब किंचित हसतात, आणि हुशार उमेदवारही पुढे अडखळू लागतो. वाचकहो, ही चूक बुद्धीची नव्हे. तो मराठीचा पायगुण आहे, आणि तो ओळखला की निम्मे काम झाले!

‘सोमवारपासून’ आणि ‘दोन वर्षांपासून’ ही दोन्ही कामे आपण एकाच ‘पासून’वर भागवतो. इंग्रजीत तसे चालत नाही. आरंभ सांगायचा तर ‘सिन्स मंडे’, काळाची लांबी सांगायची तर ‘फॉर टू इयर्स’. ‘पर्यंत’चेही तेच. ‘शनिवारपर्यंत पुस्तक परत करीन’ यात मुदत आहे, म्हणून ‘बाय’. ‘शनिवारपर्यंत ते माझ्याकडे राहील’ यात स्थिती चालू आहे, म्हणून ‘टिल’. मुदतीच्या पत्रात या दोहोंची गल्लत झाली, तर वाचणाऱ्याला भलताच अर्थ लागायचा.

आता मुख्य त्रिकूट. ‘ॲट’ म्हणजे ठिपका, ‘ऑन’ म्हणजे पाठ आणि ‘इन’ म्हणजे पोट. बसथांब्याशी ‘ॲट’, टेबलावर ‘ऑन’, खोलीत ‘इन’. काळाचेही असेच मानावे. घड्याळाच्या ठोक्याला ‘ॲट’, कॅलेंडरवरच्या तारखेला किंवा वाराला ‘ऑन’, आणि ज्यांच्या पोटात अनेक दिवस मावतात त्या महिन्याला व वर्षाला ‘इन’: ‘ॲट फाइव्ह’, ‘ऑन मंडे’, ‘इन जून’.

एवढ्याने सारे सुटते असे मात्र नाही. सकाळ ‘इन दि मॉर्निंग’, रात्र ‘ॲट नाइट’, आणि सोमवारची सकाळ म्हटली की लगेच ‘ऑन मंडे मॉर्निंग’! टॅक्सीत बसलेला माणूस ‘इन’, बसमधला ‘ऑन’. आठवड्याच्या अखेरीला इंग्रज ‘ॲट दि वीकेंड’ म्हणतो, तर अमेरिकन ‘ऑन’. येथे तर्क थकतो आणि रूढी पुढे होते. पण हसायचे कोणाला? आपणही ‘घरी’ म्हणतो, ‘दुकानी’ म्हणत नाही. आपल्याला त्याचे कारण कोणी विचारीत नाही, इतकेच.

म्हणून मुलांना हे शब्द सुटे घोकायला लावू नयेत. क्रियापद, नाम आणि हा चिमुकला शब्द अशी जुळणी एकत्रच कानांवर पडू द्यावी. मराठीतले वाक्य शब्दाला शब्द ठेवून उलटण्यापूर्वी ‘हा ठिपका, पाठ की पोट?’ एवढे मनाशी विचारायला शिकवावे. चुकले तर हसू मात्र नये. हसण्याने जीभ सुधारत नाही, मिटते.

जाता जाता एक जोडी. ठरल्या वेळेला अचूक ते ‘ऑन टाइम’, थोडा वेळ हाताशी राखून ते ‘इन टाइम’. गाडी ‘ऑन टाइम’ सुटावी हे रेल्वेच्या हाती. फलाटावर ‘इन टाइम’ पोचणे मात्र आपल्या!