जागरणाने थकलेले हात आणि आपला रुग्ण

पावसाळा सुरू झाला, की जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातल्या अतिदक्षता विभागात खेड्यापाड्यातली माणसं वाढू लागतात. कुणाला रात्री झोपेत मण्यार चावलेली असते, कुणाला फवारणीचं औषध लागलेलं असतं. सन २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेकडो शेतकरी-शेतमजूर दवाखान्यात गेले, वीसाहून अधिक दगावले. ती आठवण अजून ताजी आहे.

रुग्ण आत गेला, की आपण बाहेर म्हणतो, "आता काळजी नाही, मशीन लावलंय." पण मशीन आपोआप माणूस वाचवत नाही. त्याच्या शेजारी सिस्टर, डॉक्टर, वॉर्डातले मामा-मावशी रात्रभर उभे असतात. त्यांच्या तब्येतीचा विचार मात्र आपल्या मनात सहसा येत नाही.

आत काय चालतं?

फवारणीच्या औषधांपैकी ऑर्गेनोफॉस्फेट गटातल्या औषधाची बाधा झाली, तर ॲट्रोपिन द्यावं लागतं. सुरुवातीला दर काही मिनिटांनी नाडी, छाती, डोळ्याची बाहुली बघून मात्रा ठरते. रुग्ण बडबडतो, नळ्या ओढतो, त्याला सांभाळावं लागतं. मण्यारीच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडले, की व्हेंटिलेटर लागतो. मग घशातला चिकटा वरचेवर ओढून काढायचा, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. साठ-सत्तर किलोचं बेशुद्ध शरीर दिवसातून कितीदा उचलायचं, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

म्हणूनच व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे प्रत्येक पाळीत एक परिचारिका असावी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक आहे. प्रत्यक्षात बऱ्याच सरकारी दवाखान्यांत एकीकडे दोन-तीन रुग्ण असतात. बदली माणूस आला नाही, तर पाळीला पाळी जोडून काम करावं लागतं. औताचा बैलसुद्धा आपण दुपारी सोडतो, इथे तेवढीही सवड मिळत नाही.

नुसता थकवा नव्हे

असं महिनोन्महिने चाललं, की माणूस आतून करपतो. याला 'बर्नआउट' म्हणतात. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये त्यावर लिहिलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याच्या तीन खुणा नोंदवल्या: अंगातलं बळ सरणं, कामापासून मन तुटणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. संघटना त्याला आजार म्हणत नाही. कामाच्या ठिकाणच्या, न आवरलेल्या ताणाचा तो परिणाम आहे, असं म्हणते.

यातली दुसरी खूण आपल्याला बाहेरून दिसते. "सिस्टर तुटक बोलली," अशी तक्रार होते. काही वेळा तो उद्धटपणा असेलही, पण पुष्कळदा तो करपलेपणा असतो.

त्याची वसुली शरीरातून होते. ताणाने रक्तदाब चढतो, झोप तुटते, साखर बिघडते. कंबर आणि मान धरते, पित्त उसळतं. पाणी प्यायला आणि लघवीला जायला वेळ मिळत नाही, म्हणून मूत्रमार्गाचे विकार होतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला हिशेब गंभीर आहे. आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त असतो.

थकव्याचा फटका आपल्यालाच

सलग १७ तास जागा असलेला माणूस, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसासारखा मंदावतो, असं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवलं. आपल्याकडे गाडी चालवायला कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे ज्या अवस्थेत पोलीस गाडी चालवू देणार नाही, त्या अवस्थेत कुणीतरी आपल्या माणसाच्या औषधाची मात्रा मोजत असतो!

यावर इलाज आहे. बोस्टनमधल्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात शिकाऊ डॉक्टरांच्या लांबलचक पाळ्या तोडून पाहिल्या. २००४ मध्ये निष्कर्ष आला, की जुन्या लांब पाळ्यांत गंभीर चुका ३६ टक्के जास्त होत होत्या. म्हणजे डॉक्टर-सिस्टरला मिळालेली झोप हीसुद्धा रुग्णाला मिळालेली औषधाची मात्राच समजा.

गावाने काय करावं?

भरती सरकारच्या हातात आहे, पण काही गोष्टी आपल्याही हातात आहेत. साप चावला तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, १०८ ला फोन करून थेट दवाखाना गाठा. औषध अंगावर सांडलं तर कपडे काढून साबण-पाण्याने धुवा, डबा किंवा त्यावरचं लेबल सोबत न्या. रुग्ण लवकर आला, तर मशीनवरचे दिवस वाचू शकतात. दवाखान्यात ट्रॅक्टर भरून माणसं नेऊ नका. विचारपूस करायला घरचा एकच जाणता माणूस ठेवा, त्यानेच बाकीच्यांना निरोप द्यावा.

सरपंच, पोलीस पाटील यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. दवाखान्यात मारहाण-तोडफोड केली, तर महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, शिवाय नुकसानीच्या दुप्पट भरपाई. गावातला राग तिथे पोहोचण्याआधीच आवरला, तर सगळ्यांचंच भलं.

आणि रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत बसणाऱ्या लोकप्रतिनिधींनी औषधांच्या साठ्याबरोबर हेही विचारावं: परिचारिकांच्या किती जागा रिकाम्या आहेत? सलग दोन पाळ्या महिन्यात किती जणींना कराव्या लागल्या? त्यांना टेकायला खोली, प्यायला पाणी आणि स्वच्छ संडास आहे का? हे प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यावेत आणि पुढच्या बैठकीत त्यांचं उत्तर मागावं.